कोटेशनच्या सहा ओळी: कमी बजेटमध्ये पीसीचे पार्ट जुळवताना

साताऱ्याहून भाचीने व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. दुकानाच्या पॅडवर पेनाने लिहिलेल्या सहा ओळी होत्या: आय५ प्रोसेसर, एच सिरीज बोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४५० वॉट एसएमपीएस, कॅबिनेट. खाली रेघ मारून एक आकडा आणि त्याखाली ‘फिटिंग फ्री’. सोबत तिचा मेसेज, "मामा, घेऊ का?"

या कागदावरून घे म्हणता येत नाही आणि नको घेऊ असंही म्हणता येत नाही. आय५ हे नाव २००९पासून चालू आहे. त्या एका नावाखाली डझनभर पिढ्या येऊन गेल्या आणि त्यांना लागणारे बोर्ड (बाकी सगळे पार्ट ज्यावर बसतात ते मदरबोर्ड) वेगवेगळे. १६ जीबी रॅम डीडीआर४ की त्यापुढच्या पिढीची डीडीआर५? एक पट्टी की दोन? एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा, त्याचे ४५० वॉट खरे किती? मी तिला म्हटलं, दुकानात फोन कर आणि सहाही ओळींचे पूर्ण मॉडेल नंबर लिहून घे. तासाभराने दुसरा फोटो आला. पहिली ओळ आता ‘आय५-१२४००एफ’ अशी झाली होती. शेवटच्या त्या ‘एफ’चा अर्थ प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, आणि कोटेशनमध्ये ग्राफिक्स कार्डही नव्हतं. मशीन चालू झालं असतं, पंखे फिरले असते, स्क्रीनवर मात्र काहीही उमटलं नसतं. कार्ड तिच्याकडे आधीच असेल असं दुकानदाराने धरलं होतं आणि तिला हे विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

पहिल्यांदा असेंबल्ड पीसी घेणाऱ्याच्या हातात असाच कागद येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन कार्टमध्ये, ओळी त्याच असतात. पैसे मोजायच्या आधी मशीन या कागदावर पूर्ण जुळलं पाहिजे. पार्ट खाचेत बसला म्हणजे चालेलच असं संगणकात होत नाही. म्हणून एकेक ओळ घेऊन तिच्यासमोर काय लिहून घ्यायचं ते सांगतो.

आधी काम लिहा

कागदाच्या मागच्या बाजूला, मशीनवर रोज काय चालणार ते लिहा. भाचीने लिहिलं: डिप्लोमा सिव्हिल, ऑटोकॅडमध्ये टू-डी ड्रॉइंग, प्रोजेक्ट रिपोर्ट, ऑनलाइन लेक्चर, सुट्टीत हलके गेम. बजेट ४० हजार, मॉनिटर घरात आहे. एवढ्या चार शब्दांनी निम्मा निर्णय होतो. या कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये थ्री-डी रेंडर किंवा मोठे गेम असते तर पैशांचा मोठा वाटा कार्डाला द्यावा लागला असता आणि बाकी सगळं त्यानुसार खाली आणावं लागलं असतं. ऑफिस, टॅली आणि ब्राउझर एवढंच काम असेल तर आय३-१२१००सारखा चार कोरचा (एकाच वेळी काम करणारे चार भाग असलेला) प्रोसेसर भरपूर झाला. आय५ घ्यायचा म्हणून रॅममध्ये किंवा एसएसडीत काटछाट करू नका, रोजच्या वापरात ती जास्त जाणवते.

पहिली ओळ: प्रोसेसर

इंटेलच्या आय५-१२४०० या नावात ‘आय५’ ही श्रेणी, ‘१२’ ही पिढी आणि ‘४००’ हा त्या पिढीतला नंबर. त्यापुढचं अक्षर सर्वांत महत्त्वाचं. अक्षर नसेल तर आत ग्राफिक्स आहे. ‘एफ’ असेल तर नाही. ‘के’ असेल तर ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची, सोय आहे, पण खोक्यात कूलर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. ‘केएफ’मध्ये दोन्ही गोष्टी आल्या.

एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या रायझन प्रोसेसरमध्ये अक्षरांचा अर्थ वेगळा आहे आणि नवखे इथेच चुकतात. ५००० मालिकेत ‘जी’ असेल तरच ग्राफिक्स, म्हणजे रायझन ५ ५६००जीमध्ये आहे आणि साध्या ५६००मध्ये नाही. त्यापुढच्या ७००० मालिकेत अक्षर नसलेल्या प्रोसेसरमध्येही डिस्प्लेपुरतं छोटं ग्राफिक्स असतं, आणि ‘एफ’वाल्यात, उदाहरणार्थ ७५००एफमध्ये, ते नसतं.

भाचीसाठी आम्ही रायझन ५ ५६००जी धरला. सहा कोर, बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), ६५ वॉटचा प्रोसेसर आणि आत एएमडीचं वेगा ग्राफिक्स. २०२१चा आहे, नवा म्हणता येणार नाही, पण तिच्या कामाला आणि बजेटला तोच बसतो.

प्रोसेसर ‘बॉक्स’ आहे की ‘ट्रे’, हेही इथेच लिहून घ्या. बॉक्स म्हणजे कंपनीचं सीलबंद खोकं, त्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी. ट्रे म्हणजे सुटा प्रोसेसर. तो स्वस्त पडतो, पण सहसा कूलर मिळत नाही आणि वॉरंटी दुकानदार देईल तेवढीच.

दुसरी ओळ: मदरबोर्ड

सर्वांत जास्त वेळ या ओळीला द्या, कारण बाकी प्रत्येक पार्ट बोर्डाशी जुळवायचा असतो. इथे तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीला एलजीए १७०० सॉकेट लागतं. १०व्या-११व्याला एलजीए १२००. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१. रायझनच्या ५००० मालिकेपर्यंत एएम४, आणि सप्टेंबर २०२२मध्ये आलेल्या ७००० मालिकेपासून एएम५. सॉकेट वेगळं असेल तर विषय तिथेच संपला.

दुसरी पायरी चिपसेट, म्हणजे प्रोसेसर आणि बाकी पार्ट यांना जोडणारी बोर्डावरची चिप. सॉकेट तेच असूनही चालत नाही, असंही होतं. जुन्या बाजारात याचं नेहमीचं उदाहरण सापडतं. इंटेलच्या ६व्या-७व्या पिढीचं आणि ८व्या-९व्या पिढीचं सॉकेट नावाने एकच, एलजीए ११५१. ८व्या पिढीचा प्रोसेसर ६व्या-७व्या पिढीच्या एच११० बोर्डवर छान बसतो, कूलरही लागतो, आणि मशीन चालू होत नाही, कारण त्याला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. ‘सॉकेट तेच आहे, घेऊन जा’ हे वाक्य सेकंडहँड माल घेताना पुरेसं मानू नका.

तिसरी पायरी बायोस, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यांत आधी चालणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, आणि हिच्याबद्दल कोणी आपणहून बोलत नाही. बोर्ड कारखान्यातून निघतो तेव्हा त्यात त्या दिवसापर्यंतच्या प्रोसेसरची ओळख भरलेली असते. बी४५० चिपसेट २०१८चा आहे, ५६००जी त्यानंतर तीन वर्षांनी आला. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बी४५० बोर्डवर ५६००जी लावला तर बायोस अपडेट होईपर्यंत डिस्प्ले येणार नाही, आणि अपडेट करायला बोर्ड चालू व्हावा लागतो. एलजीए १७००च्या एच६१० किंवा बी६६० बोर्डांवर १३व्या-१४व्या पिढीचा प्रोसेसर लावताना हीच अडचण येऊ शकते. काही बोर्डांवर ‘बायोस फ्लॅशबॅक’ बटण असतं, त्याने प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून अपडेट होतं. नाहीतर दुकानदाराला बिल करायच्या आधी अपडेट करून द्यायला सांगा. चांगला दुकानदार दहा मिनिटांत करून देतो.

आता ताडून कसं पाहायचं, ते सावकाश सांगतो. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर जा आणि बोर्डाचं पूर्ण नाव टाका. ‘बी४५०एम’ एवढं पुरत नाही, त्यापुढचे शब्द आणि अक्षरंही लागतात. त्या बोर्डाच्या पानावर ‘सपोर्ट’ उघडा, त्यात ‘सीपीयू सपोर्ट’ नावाची यादी असते. त्या यादीत तुमचा प्रोसेसर शोधा. समोरच्या रकान्यात बायोसची आवृत्ती लिहिलेली असते, म्हणजे किमान ती आवृत्ती हवी. काही कंपन्या एकाच नावाचा बोर्ड दोन-तीन आवृत्त्यांत विकतात. बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘रेव्ह १.०’ असं छापलेलं असतं, आणि प्रत्येक आवृत्तीची यादी वेगळी असते. खोक्याच्या स्टिकरवरून ती आवृत्ती पाहून मगच यादी उघडा. यादीत प्रोसेसर दिसला तर कोटेशनवर त्या ओळीसमोर टिक करा. दिसला नाही तर दुकानदार कितीही खात्री देवो, तो बोर्ड घेऊ नका.

कोणता चिपसेट? बजेटमध्ये इंटेलकडे एच६१० आणि बी६६० किंवा बी७६०, एएमडीकडे ए५२०, बी४५० आणि बी५५०. एच६१० स्वस्त आहे, पण रॅमच्या खाचा दोनच असतात, एसएसडी बसवायची एम.२ची खाच बहुतेक वेळा एकच, आणि प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग साधा असतो. त्यावर आय३ किंवा आय५-१२४०० ठीक चालतो, आय७-आय९ लावणं मला योग्य वाटत नाही. भाचीला मी बी५५० सुचवला. पुढे तिने ग्राफिक्स असलेला ५६००जी काढून साधा ५६०० किंवा त्याहून मोठा प्रोसेसर आणि कार्ड लावलं, तर हाच बोर्ड पीसीआयई ४.० (कार्ड आणि एसएसडीसाठीचा डेटाचा मार्ग, आकडा मोठा तसा वेग जास्त) देऊ शकतो. बी४५० आणि ए५२० पीसीआयई ३.०वर थांबतात.

एएम५ घ्यावं का, हा प्रश्न येतोच. एएमडीने एएम५ला २०२७ आणि त्यापुढेही साथ द्यायचं जाहीर केलं आहे, म्हणजे पुढे फक्त प्रोसेसर बदलून मशीन नवं करता येईल. पण त्यावर डीडीआर५च चालते, आणि बोर्ड व रॅम मिळून सुरुवातीचा खर्च चढतो. बजेट ५५-६० हजारांच्या वर असेल तर एएम५, त्याखाली एएम४ किंवा डीडीआर४चा एलजीए १७०० बोर्ड, असं माझं मत.

तिसरी ओळ: रॅम

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात आणि लांबीही सारखीच. मधली खाच मात्र वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावून बसवायला गेलात तर बोर्ड जाईल. एएम४वर फक्त डीडीआर४, एएम५वर फक्त डीडीआर५. गोंधळ एलजीए १७००वर होतो. तिथे एकाच चिपसेटचे काही बोर्ड डीडीआर४चे असतात, काही डीडीआर५चे. बहुतेक वेळा बोर्डाच्या नावात शेवटी ‘डी४’ लिहिलेलं असतं, पण नावावर न थांबता कंपनीच्या पानावरची मेमरीची ओळ वाचा. लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती डेस्कटॉपला लागत नाही.

आता पट्ट्यांबद्दल. सोळा जीबीची एक पट्टी आणि आठ-आठच्या दोन, यांत फरक आहे. डीडीआर४-३२०० एका पट्टीवर सेकंदाला कमाल २५.६ जीबी डेटा पुरवते, दोन पट्ट्या दोन चॅनलवर, म्हणजे वेगवेगळ्या मार्गांवर, लावल्या की ५१.२. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर हा फरक मर्यादित राहतो. पण ५६००जीसारख्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅमवर जगतं. एका पट्टीवर तेच ग्राफिक्स उपाशी राहतं आणि गेम अडखळतात. कोटेशनवर मी ‘८ × २’ असं ठळक लिहायला लावलं. दुकानदाराचं म्हणणं होतं की एक पट्टी घ्या, पुढे दुसरी लावता येईल. कार्ड असलेल्या मशीनला तो सल्ला चालतो, या मशीनला नाही.

चार खाचांच्या बोर्डवर दोन पट्ट्या शेजारी-शेजारी लावू नका. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. बोर्डावर त्या खाचांशेजारी ए२ आणि बी२ असं छापलेलं असतं.

वेगाचीही एक खुबी आहे. खोक्यावर ३२०० किंवा ३६०० लिहिलेल्या बऱ्याच पट्ट्या लावल्या-लावल्या त्या वेगाने चालत नाहीत, आधी २१३३ किंवा २६६६वर चालतात. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी नावाची सेटिंग (एएमडीच्या डीडीआर५ बोर्डवर एक्सपो) चालू करावी लागते, मग रॅम पूर्ण वेगाने चालते. एच६१०वर रॅम ओव्हरक्लॉकिंग नाही, म्हणून त्यावर ३६००ची महाग पट्टी घेऊन पैसे वाया घालवू नका.

२०२५च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव जोरात वाढले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी माल एआय सर्व्हरकडे वळवला. घरात जुन्या डेस्कटॉपची चालू डीडीआर४ पट्टी असेल तर ती टाकून देऊ नका. दोन वेगवेगळ्या वेगांच्या पट्ट्या सोबत लावल्या तर दोन्ही कमी वेगाने चालतात, पण चालण्याची शक्यता चांगली असते. दुकानात लावून पाहा.

चौथी ओळ: एसएसडी

‘५१२ एसएसडी’मध्ये तीन वेगळ्या वस्तू येऊ शकतात. अडीच इंची साटा, एम.२ साटा आणि एम.२ एनव्हीएमई. पहिल्या दोन सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचतात, पीसीआयई ३.०ची एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत जाते. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. ‘एम.२ एनव्हीएमई, २२८०’ असं लिहून घ्या, २२८० म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. बोर्डाच्या पानावर त्याची एम.२ खाच कोणत्या प्रकाराला चालते ते पाहा. ५६००जी स्वतः पीसीआयई ३.०चाच आहे आणि बहुतेक एच६१० बोर्डांची एम.२ खाचही, म्हणून तिथे जेन ४ (पीसीआयई ४.०ची) एसएसडी चालेल पण जेन ३च्या वेगाने. स्वस्त मिळाली तर घ्या, वेगासाठी जास्त मोजू नका.

कोटेशनवर नसलेली ओळ: ग्राफिक्स कार्ड

कार्ड घ्यायचं असेल तर त्याची लांबी, त्याला लागणारी वीज आणि त्याच्या पीसीआयई लेन (डेटा जायच्या वाटा) एवढ्या गोष्टी पाहा. लेनबद्दल फारसं कोणी सांगत नाही. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड लांब खाचेत बसत असलं तरी आत चारच लेन वापरतं. बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही पीसीआयई ४.०चे असतील तर ते निभावतं, ए५२० किंवा बी४५०वर मात्र त्याचा मार्ग निम्मा होतो आणि गेममध्ये ते दिसतं. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० आठ लेन वापरतात, त्यांना जुन्या बोर्डवरही फारसा फटका बसत नाही. इंटेलचं आर्क कार्ड घेत असाल तर बोर्डमध्ये ‘रिसाइझेबल बार’ची (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) सोय आहे का ते आधी पाहा, त्याशिवाय ते फार मंद चालतं.

पाचवी ओळ: एसएमपीएस

बजेट आवळायची वेळ आली की पहिली कात्री एसएमपीएसवर चालते. कॅबिनेटसोबत ‘४५० वॉट फ्री’ मिळत असतो, मग वेगळा कशाला? पण हा असा एकच पार्ट आहे की तो बिघडताना इतर चार पार्ट सोबत नेऊ शकतो. इथे पैसे वाचवू नका, असं मी अगदी कळवळून सांगतो.

एसएमपीएस हातात घ्या आणि बाजूचं स्टिकर वाचा. त्यावर एक तक्ता असतो: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि प्रत्येकाखाली अँपिअर. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोघेही १२ व्होल्टवरून वीज ओढतात, त्यामुळे कामाचा आकडा तोच. व्होल्टला अँपिअरने गुणा. मी एका जुन्या कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलेलं पाहिलंय, आणि तक्त्यात १२ व्होल्टखाली १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॉट. तेवढीच त्याची खरी ताकद. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसमध्ये हाच आकडा ३५-३६ अँपिअरच्या आसपास असतो, म्हणजे सव्वाचारशे वॉटच्या आसपास. १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर नुसती बेरीज करू नका, खाली एकत्रित कमाल वॉट दिलेले असतात ते घ्या.

आता गरज मोजा. ५६००जी जोरात चालताना ८८ वॉटपर्यंत जातो, आय५-१२४०० ११७पर्यंत. आरएक्स ६६०० १३२ वॉट. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंख्यांसाठी ५० धरा. कार्डासकट भाचीचं मशीन २७०च्या आसपास येतं, कार्डाशिवाय दीडशेच्या आत. चांगला ४५० वॉटचा एसएमपीएस दोन्हींना पुरतो आणि पुढे कार्ड घेताना बदलावा लागत नाही.

‘८० प्लस ब्राँझ’ हे चिन्ह वीज किती वाया जाते ते सांगतं, निम्म्या भारावर साधारण ८५ टक्के कार्यक्षमता. त्यावरून अंगभूत संरक्षण सगळं आहेच असं समजू नका, पण हे चिन्ह नसलेला एसएमपीएस मी तरी घेणार नाही. तारांकडेही पाहा. प्रोसेसरची आठ पिनची तार आणि ग्राफिक्स कार्डची आठ पिनची तार दिसायला जुळ्या, आतली जोडणी वेगळी. एक दुसरीच्या जागी लावायची नाही. कार्डाला आठ पिनची तार लागणार असेल तर ती एसएमपीएसमधूनच यायला हवी, दोन मोलेक्स (जुन्या प्रकारच्या चार पिनच्या तारा) जोडून केलेला कन्व्हर्टर नको.

यूपीएसही इथेच मोजा. ६०० व्हीए लिहिलेला घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. कार्डाशिवायचं मशीन आणि मॉनिटर त्यावर सहज चालतात, वीज गेल्यावर फाइल सेव्ह करायला वेळ मिळतो. मोठं कार्ड लावलं की तेवढा पुरेलच असं नाही.

सहावी ओळ: कॅबिनेट

बोर्ड मायक्रो एटीएक्स असेल तर तो २४४ मिमीपर्यंतचा चौकोन, पूर्ण एटीएक्स ३०५ × २४४. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो, उलटं नाही. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटच्या कमाल मापाशी ताडून पाहा. समोर पूर्ण काच असलेलं आणि हवा यायला जागा नसलेलं कॅबिनेट आपल्याकडच्या मे महिन्यात त्रास देतं. जाळीचा पुढा घ्या. रंगीत दिव्यांचे पैसे एसएमपीएसला द्या.

घरातलं जुनं सामान

भाचीकडचा मॉनिटर व्हीजीएचा, म्हणजे जुन्या प्रकारच्या केबलचा, निघाला. नव्या ग्राफिक्स कार्डांवर व्हीजीए आता सहसा येत नाही, स्वस्त बोर्डांवर मात्र अजून काही ठिकाणी मिळतं. बोर्डाच्या मागच्या बाजूचा फोटो पाहून खात्री करा, नाहीतर एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर कोटेशनमध्ये धरा. बजेटच्या बोर्डांवर वाय-फाय बहुधा नसतं, म्हणून राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर यूएसबी वाय-फाय लिहून घ्या. जुन्या मशीनमधला कूलर वापरायचा विचार असेल तर एवढं ध्यानात असू द्या: एलजीए १७००ची स्क्रूची भोकं आधीच्या इंटेल बोर्डांपेक्षा एकमेकांपासून लांब आहेत, जुना कूलर वेगळ्या ब्रॅकेटशिवाय लागत नाही. एएम४चे बहुतेक कूलर एएम५वर चालतात.

पूर्ण सेकंडहँड मशीन घेत असाल तर विंडोजचं पाहा. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलची ८वी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची सोय) लागतं, एएमडीकडे रायझनच्या २००० मालिकेपासून, त्यातलेही सगळे नाहीत. स्वस्तात मिळणारा चौथ्या पिढीचा आय७ त्या यादीत नाही. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेल्या ब्रँडेड मशीनमध्ये बोर्ड आणि एसएमपीएस बहुधा त्यांच्याच मापाचे असतात, बाजारातला साधा एसएमपीएस त्यांना लागत नाही.

खरेदीच्या दिवशी

भाव विचारताना ‘जीएसटी धरून का?’ हे आधी विचारा. या पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे, चाळीस हजारांत ती मोठी रक्कम होते. ‘बिल नको तर कमी करतो’ या बोलण्याला हो म्हणू नका. पक्कं बिल हवं, आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर. वॉरंटीसाठी तेच लागतं. खोकी सील आहेत ना, खोक्यावरचा नंबर आणि पार्टवरचा नंबर एकच आहे ना, हे काउंटरवरच पाहा. पार्ट चार दुकानांतून स्वस्तात गोळा केले तर मशीन चालू न झाल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल, म्हणून निदान प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम एकाच ठिकाणाहून घ्या.

भाचीचा शेवटचा कागद असा झाला: रायझन ५ ५६००जी बॉक्स. मायक्रो एटीएक्स बी५५० बोर्ड, पूर्ण मॉडेल आणि आवृत्तीसह, बायोस दुकानात तपासून. डीडीआर४-३२००, ८ × २. एम.२ २२८० एनव्हीएमई ५०० जीबी. ४५० वॉट ब्राँझ, १२ व्होल्टवर ३५ अँपिअरच्या पुढे. जाळीच्या पुढ्याचं कॅबिनेट. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर. पहिल्या कागदापेक्षा लांबलचक, पण यात कोणाला काही गृहीत धरायला जागा उरली नाही.

कॅबिनेटमध्ये बसवायच्या आधी

फिटिंग दुकानात होत असेल तरी समोर उभे राहा आणि आधी बाहेर चालवून दाखवायला सांगा. घरी करत असाल तर बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा. तो अलगद खाली जातो, दाबावा लागत नाही. एएम४ प्रोसेसरला खाली पिना असतात, एक जरी वाकली तर डिस्प्ले येत नाही. पुढे कधी कूलर काढायचा झाला तर मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, मग बंद करून, प्लग काढून, कूलर आधी हळूच डावी-उजवीकडे फिरवा, नाहीतर दोघांमधल्या वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून वर येतो.

कूलर, रॅम, एसएसडी आणि एसएमपीएसच्या दोन तारा लावा: चोवीस पिनची बोर्डाला, आठ पिनची प्रोसेसरजवळ. ही दुसरी विसरली की पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर स्पर्श करा. एएम५ आणि डीडीआर५चं मशीन पहिल्यांदा रॅम ओळखायला काही मिनिटं काळी स्क्रीन दाखवतं, त्या वेळात बंद करू नका.

बायोसमध्ये प्रोसेसरचं नाव, रॅम आणि एसएसडी दिसतात का पाहा. आतलं ग्राफिक्स थोडी रॅम स्वतःकडे ठेवतं, म्हणून विंडोजमध्ये १६पेक्षा किंचित कमी दिसली तर काही बिघडलेलं नसतं. वेग २६६६ दिसत असेल तर एक्सएमपी चालू करा आणि पुन्हा पाहा. मग कॅबिनेटमध्ये पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खुंट) बोर्डाच्या भोकांखालीच आहेत ना ते मोजा, जादा असलेले काढा, कारण बोर्डाच्या मागे भलत्या जागी धातू टेकला तर शॉर्ट होतो. बोर्ड बसवा, तारा मागे बांधा. बिलाचा फोटो काढून स्वतःलाच मेल करा, कारण थर्मल पेपरवरची अक्षरं काही काळाने उडतात, आणि सगळी रिकामी खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा.